कारण माहीत असलेल्या तीन ओळी

कंपनीत त्यांना तोंडावर ‘सर’ म्हणत आणि पाठीमागे ‘पणकाका’. हे दुसरं नाव त्यांनी स्वतःच्या बोटांनी कमावलं होतं. कुणीही कोडमध्ये काही बदल करून तपासणीला पाठवला, की त्याखाली काकांचा पहिला शेरा ‘पण’ या शब्दानं सुरू होई. पण पॅकेट अर्धंच आलं तर? पण दोन एकदम आली तर? पण आलंच नाही तर? एकदा एका सहकाऱ्यानं कंटाळून काकांच्या फाइलमधली फक्त एक रिकामी ओळ काढून टाकली. त्याखाली शेरा पडला : ‘पण ती रिकामी का होती?’

वय छप्पन्न. वडील वजनमापांचे निरीक्षक होते. बाजारातून जाताना दुकानदार त्यांना आधी नमस्कार करत आणि मग तराजू झाकत. काकांनी बापाकडून नजर उचलली, दरारा मात्र स्वतः उभा केला. घरीही तीच तऱ्हा. शेजाऱ्यानं पाण्याच्या टाकीबद्दल जिन्यात चार ओळींची सूचना लावायला घेतली आणि ‘जरा नजर टाका’ म्हणून काकांकडे दिली. नऊ शेऱ्यांसह ती परत गेली. टाकी धुऊन झाली तरी सूचना तयार नव्हती.

कंपनी स्विचचं सॉफ्टवेअर करत असे. हा स्विच म्हणजे भिंतीवरचं दिव्याचं बटण नव्हे. एक चपटी लोखंडी पेटी, तिला अठ्ठेचाळीस भोकं, प्रत्येक भोकात एक वायर. एका वायरीतून संदेशाचं पॅकेट आत येतं, पेटी त्यावरचा पत्ता वाचते आणि बरोबर भोकातून बाहेर ढकलते. सेकंदाला काही लाख वेळा. टपाल वाटणाऱ्याचंच काम, फक्त मधे चहाला न उठता.

पॅकेटं हाताळणारी फाइल तीन हजार ओळींची होती आणि तिचे मालक काका होते. मालक म्हणजे, त्यांनी ‘मंजूर’चं बटण दाबल्याशिवाय त्यातला स्वल्पविरामही हलत नसे. नियमाप्रमाणे मालकाची एक आणि आणखी कुणा सहकाऱ्याची एक, अशा दोन मंजुऱ्या लागत. नियम काकांनीच लिहिले होते.

त्या फाइलच्या मध्यावर तीन ओळी होत्या. त्यांचा अर्थ एवढाच, की पॅकेट बरोबर सत्त्याहत्तर बाइट लांबीचं असेल तर ते टाकून द्यावं आणि त्याची मोजदादही करू नये. वर काकांनीच एकोणीस वर्षांपूर्वी टीप लिहिली होती : ‘हात लावू नये. कारण माहीत आहे.’

या तीन ओळींभोवती कंपनीत एक पुराणच तयार झालं होतं. कुणी म्हणे, पूर्वी एका परदेशी टोळीनं सत्त्याहत्तर बाइटांच्या पॅकेटांनी हल्ला केला होता. कुणी म्हणे, असं पॅकेट आत गेलं की पेटी तापते. नव्यानं लागलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात स्वच्छतागृह कुठे आहे ते आणि या ओळींना हात लावायचा नाही ते, अशा दोन गोष्टी सांगत. कंपनीच्या दुसऱ्या सात प्रकारच्या पेट्यांमध्ये या ओळी टिपेसकट उतरवून घेतल्या गेल्या होत्या. दरवर्षी काका ‘जुन्या कोडचा मान’ या विषयावर व्याख्यान देत. त्यात पडद्यावर या तीन ओळी आल्या की ते काही क्षण गप्प राहत, सभागृहावरून नजर फिरवत आणि पुढे जात. तिथं टाळ्या पडत.

खरी गोष्ट अशी होती, की कारण काकांना माहीत नव्हतं. चौथ्या का पाचव्या वर्षी एका दुपारी त्यांच्या ध्यानात आलं, की आपल्याला काही केल्या ते आठवत नाही. पण तोवर व्याख्यान सुरू झालेलं होतं.

आता बेकरीची गोष्ट. एका बेकरीवालीनं नवी भट्टी घेतली होती. भट्टीला हुकूम संगणकावरून जायचे आणि वाटेत या कंपनीची पेटी होती. ‘सुरू हो’ हा हुकूम भरे अठ्ठ्याहत्तर बाइट. ‘थांब’ भरे सत्त्याहत्तर. त्यामुळे भट्टी आज्ञाधारकपणे सुरू होई आणि थांबायचं नाव घेत नसे. बेकरीवालीनं दिराला भट्टीसमोर स्टूल टाकून बसवलं, हातानं बटण दाबायला. दीर जेवायला उठला की पावांचा कोळसा. तिनं तक्रार नोंदवली. तक्रारीच्या अर्जात एक रकाना होता : ‘हरवलेल्या वस्तूचा नमुना जोडावा.’ हरवलेलं पॅकेट ती बिचारी कुठून आणणार? तिनं जळका पाव पाठवला. कंपनीनं त्याला आवक क्रमांक दिला आणि पोच पाठवली. पोच मिळाली म्हणजे काम पुढे सरकतंय, अशी तिची समजूत झाली आणि ती दर जळक्या घाण्याचा एक पाव पाठवू लागली. दोन महिन्यांत तक्रार विभागाच्या कपाटावर एक्केचाळीस पाव जमले. सफाईवाली त्यांना हात लावेना. म्हणे, नंबर घातलेली वस्तू मी टाकली आणि उद्या साहेबांनी मागितली तर?

त्याच विभागातून बदली होऊन एक बाई काकांच्या विभागात आल्या. इकडे सगळे त्यांना ‘तक्रारवाली’ म्हणत, त्यांच्यासमोरसुद्धा. त्यांनी येताना बेकरीची फाइल सोबत आणली होती. आठ दिवस पॅकेटांची लांबी मोजत बसल्या आणि एका सोमवारी सकाळी त्यांनी बदल तपासणीला लावला. बदल होता तीन ओळी काढण्याचा. नवं एक अक्षर नाही.

“सर, बघता का जरा?” त्या काकांच्या टेबलाशी येऊन म्हणाल्या. “गुरुवारी पाचला बदलांची यादी बंद होते आणि रात्रीत ते पेट्यांत जातात. त्यात गेलं नाही तर पुढची खेप तीन महिन्यांनी. तिच्या गिऱ्हाइकांत तीन शाळा आणि एक इस्पितळ आहे. शनिवारपासून पाव वेळेवर आला नाही तर दुसरीकडून घेऊ म्हणालेत.”

“बघतो,” काका म्हणाले. “पण—”

“हो, तो येणारच. खाली लिहा, मी उत्तरं देते.”

संध्याकाळपर्यंत चौसष्ट शेरे झाले. पण या ओळींवर दुसरं काही अवलंबून नाही कशावरून? त्यांनी चाचण्या जोडल्या. पण चाचणीत जे घडलं नाही ते बाहेर घडणार नाही कशावरून? त्यांनी आणखी चाचण्या जोडल्या. बाईंना तक्रार विभागात बारा वर्षं लोकांच्या शिव्या ऐकायची सवय होती. शेऱ्यांनी त्यांचं काही बिघडत नव्हतं. शेवटी त्यांनी एकच ओळ लिहिली : ‘सर, ओळी ठेवायचं कारण काय?’

काकांनी लिहिलं : ‘कारण माहीत आहे.’

खाली उत्तर आलं : ‘कुणाला?’

हा संवाद सगळ्या विभागाला पडद्यावर दिसत होता. एवढा लहान प्रश्न त्या फाइलखाली कुणी कधी विचारला नव्हता. काकांनी संगणक बंद केला आणि डोकं दुखतंय असं सांगून घरी गेले. ते खरंच दुखत होतं.

मंगळवारी संध्याकाळी बायकोनं विचारलं, “अहो, कालपासून बघतेय. ताटात कोड दिसतोय का? जेवा की.”

काका वाचनालयात काम करणाऱ्या बाईचे नवरे होते. तिच्यापुढे फार काळ काही लपत नसे. त्यांनी सगळं सांगितलं.

“मग नाही आठवत म्हणा. जीभ झिजते का?”

“अगं, पंधरा वर्षं व्याख्यान देतोय त्यावर.”

“व्याख्यानात काय सांगता मग?”

“काही नाही. तिथं जरा थांबतो.”

“आणि?”

“टाळ्या वाजतात.”

तिला हातातला डाव खाली ठेवावा लागला, इतकं हसू आलं. हसून झाल्यावर पदरानं डोळे पुसत म्हणाली, “आमच्याकडे पुस्तक सापडेनासं झालं की ज्याच्या कार्डावर शेवटचा शिक्का, त्याला धरतो. तुमच्या ओळींवर शिक्का कुणाचा?”

काकांनी जुनी नोंद काढून पाहिली. एकोणीस वर्षांपूर्वी त्या ओळी मंजूर करणारा होता डुलकी. जेवणानंतर दुपारी खुर्चीतच पेंगायचा म्हणून ते नाव. कुठलाही बदल चार मिनिटांत मंजूर करायचा म्हणून पुढे कंपनीनं त्याला मानानं घरी पाठवलं.

डुलकी आता तरणतलावावर मोठ्या माणसांना पोहायला शिकवत होता. बुधवारी दुपारी काका तिथं पोचले तेव्हा तो उंच लोखंडी खुर्चीत बसलेला, गळ्यात शिट्टी, आणि आयुष्यात प्रथमच टक्क जागा. खाली कमरेइतक्या पाण्यात सात गृहस्थ कठड्याला धरून जिवाच्या आकांतानं पाय हलवत होते.

“तूच मंजूर केल्यास त्या ओळी,” काका खालून म्हणाले. “मंजूर करताना काही विचारलं असशील की मला.”

“विचारलं ना. ओ भाऊ, गुडघा नको, पाय! पूर्ण पाय! विचारलं. तू म्हणालास, ‘कारण तुला माहीत आहे.’ मी म्हटलं, ‘आहे.’”

“म्हणजे तुला माहीत होतं!”

“त्या दिवशी दोघांनाही होतं. आता दोघांनाही नाही. भांडायचं कशावर?”

“डुलक्या, मस्करी नको. लोकांसमोर अब्रू जायची वेळ आलीय.”

“इथं सात जणांचा जीव जायची वेळ आलीय, थांब जरा.” त्यानं शिट्टी फुंकली, सातही जणांना बाहेर काढलं आणि स्वतः खुर्चीच्या पायऱ्या उतरू लागला. तिसऱ्या पायरीवर त्याचा पाय तसाच राहिला. पायरीकडे बघत तो ओरडला, “अरे! शिडी नव्हती!”

“कसली शिडी?”

“शिडी नव्हती म्हणून! ते अकरा जण बघायला आले होते, आठवतं? मोठं गिऱ्हाईक. सभागृहात भिंतीवर आकडे लावले होते. अनोळखी पॅकेटं किती, तर शून्य दिसायला हवं. आणि दर मिनिटाला शून्याचा एक होत होता.”

“घड्याळ,” काका म्हणाले.

“घड्याळ! दाराच्या वर टांगलेलं. दर मिनिटाला वायरीवरून विचारायचं, किती वाजले, किती वाजले. त्याचं पॅकेट सत्त्याहत्तर बाइट. वायर उपटली की झालं होतं. पेटीकडून उपटावी तर अठ्ठेचाळीसांतली त्याची कुठली, कळेना. घड्याळाकडून उपटावी तर हात पुरेना. शिडी कोठीत, कोठीला कुलूप, किल्ली शिपायाच्या खिशात, आणि शिपाई बहिणीचं सामान हलवायला गेलेला. मी खुर्चीवर चढलो तर खुर्चीला चाकं. आपटलो. ते अकरा जण तोवर लिफ्टमध्ये. मग तू ओळी लिहिल्यास, मी मंजूर केल्या. संध्याकाळी काढू म्हणालास.”

“काढल्या नाहीत.”

“संध्याकाळी सगळे जेवायला गेलो ना, सौदा झाला म्हणून.”

काका कठड्यावर बसले. पँट ओली झाली हे त्यांना बऱ्याच वेळानं कळलं. “आणि त्या घड्याळाचं काय झालं?”

“वेळ विचारायचं, पण उत्तर कुठलं मिळणार? बिघडलं म्हणून चार दिवसांनी काढून नेलं.”

“कशानं काढलं?”

“शिडीनं,” डुलकी म्हणाला.

रात्रभर काकांनी दोन्ही बाजूंनी विचार केला. जळलेल्या पावाची चव त्यांना माहीत नव्हती, पण त्यावरचे आवक क्रमांक माहीत होते. गुरुवारी सकाळी नऊ वाजता त्यांनी बाईंच्या बदलाखाली लिहिलं, ‘कारण : शिडी नव्हती.’ खाली सगळी हकीकत लिहिली, डुलकी आपटल्यासकट, आणि ‘मंजूर’ दाबलं. आता आणखी एका सहकाऱ्यानं दाबलं की काम फत्ते. हसण्याचा आवाज ऐकायची त्यांनी तयारी ठेवली होती.

कुणी हसलं नाही. कुणाचा विश्वासच बसला नाही. अकरापर्यंत चौदा शेरे पडले. एकानं लिहिलं, शिडी या शब्दातून सरांना काहीतरी सुचवायचं आहे, ते उलगडेपर्यंत घाई नको. दुसऱ्यानं शिडीला किती पायऱ्या होत्या ते विचारलं. तिसरा टेबलाशी येऊन हळूच म्हणाला, “सर, तुमच्यावर कुणाचा दबाव असेल तर बोलू नका. नुसतं दोनदा खोका.” काकांना नेमका तेव्हाच ठसका लागला.

बारा वाजता विभागाच्या साहेबांनी आत बोलावलं.

“शिडी नव्हती, हे मी वर कसं कळवू? सात पेट्यांत घातलंय ते आपण. काहीतरी वजनदार सांगा.”

“खरं तेच सांगितलं, साहेब.”

“खरं आहे हो. शोभत नाही. तुम्ही इतकी वर्षं त्यावर बोलताय.”

“मी त्यावर काहीच बोललेलो नाही. तीच तर गोष्ट आहे.”

“बघा! असं बोललात की अंगावर काटा येतो. हे शिडीचं तुम्हाला का सुचलं कळत नाही.”

तीन वाजेपर्यंत आक्षेप एकतीस झाले. जो तो दुसऱ्याकडे बघत होता. बटणावर बोट ठेवायला कुणी धजेना. काकांनी लोकांना आयुष्यभर ‘पण’ शिकवला होता आणि आता तो त्यांच्याच अंगावर चालून आला होता. एक आक्षेप तर असा होता, की सर आज जे म्हणत आहेत ते सरांनी स्वतः कधीच मंजूर केलं नसतं. आणि ते बरोबर होतं.

साडेतीनला त्यांनी नियमांची वही उघडली. चौदाव्या पानावर त्यांनीच कधीतरी लिहिलेला आणि कुणीही न वापरलेला एक नियम होता. स्वतः लिहिलेल्या ओळी ज्याच्या त्यानंच काढायच्या असतील, तर एकट्या मालकाची मंजुरी पुरे. खाली मात्र : मालकाला स्वतःचं काम मंजूर करता येणार नाही. त्याखाली : मालक एकच असावा.

काकांनी वही मिटली. मग मालकांची यादी उघडली. त्या फाइलसमोर त्यांचं नाव होतं. ते खोडून त्यांनी तक्रारवालीचं घातलं. यादी बदलायला मावळत्या मालकाची परवानगी लागे. ती त्यांनी दिली. एकोणीस वर्षांची जहागीर चार सेकंदांत गेली.

बाई धावत आल्या. “सर, हे काय केलंत? नंतर परत घालता येईल ना नाव?”

“येईल. तुम्ही मंजूर केलंत तर. तुमचा बदल मागे घ्या. मी माझा लावतो.”

चार वाजून दहा मिनिटांनी काकांनी नऊ वर्षांत पहिल्यांदा स्वतः कोडला हात लावला आणि बदल तपासणीला पाठवला. विभाग त्यांच्या पाठीमागे उभा होता. बाई खुर्ची पुढे ओढून वाचू लागल्या. एवढ्याशा ओळींवर माणूस किती वेळ लावेल? त्यांनी पंचवीस मिनिटं लावली. काकांना घाम फुटला. तपासून घेणाऱ्या माणसाला हे असं होतं, हे त्यांना ऐकूनही माहीत नव्हतं.

“सर,” बाई म्हणाल्या, “चौथी का काढली?”

“कुठली चौथी?”

“तीन ओळी काढायच्या होत्या. तुम्ही चार काढल्यात. ही खालची सगळ्या पॅकेटांची मोजणी करते. हे असंच गेलं असतं तर उद्या जगातल्या सगळ्या पेट्या म्हणाल्या असत्या, आज काहीच आलं नाही.”

काकांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. चौथी ओळ खरंच गेली होती. घाईत बोट एकदा जास्त दाबलं गेलं होतं.

“बरोबर आहे,” ते म्हणाले. हे दोन शब्द त्या मजल्यावर त्यांच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते. त्यांनी ओळ जागेवर ठेवली, बदल पुन्हा पाठवला. बाईंनी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. चार त्रेपन्नला मंजूर केलं.

शुक्रवारी साहेबांनी वर अहवाल धाडला. त्यात कारणाच्या रकान्यात ‘उंचीविषयक ऐतिहासिक मर्यादा’ असं लिहिलं होतं. वरून विचारणा आली नाही. काकांच्या टेबलाकडे दिवसभर कुणी फिरकलं नाही. तपासायला येणारे बदल आता दोन टेबलं पलीकडे जात होते. दुपारी बाईंनी तिथूनच हाक मारली, “सर, बेकरीचा फोन आहे. काम कुणी केलं विचारतायत. घ्या.”

“थांबली,” बेकरीवाली पलीकडून म्हणाली. “सकाळपासून तीनदा थांब म्हटलं, तीनदा थांबली. चौथ्यांदा उगाचच थांबवली. दीर स्टुलावरून उठून बाहेर गेलाय, परत यायचं नाव नाही. झालं काय होतं हो नेमकं? दोन महिने मला कुणी धड सांगितलं नाही.”

काकांनी आजूबाजूला पाहिलं. सगळे अतिशय मन लावून काम करत होते. त्यांनी तिला सांगितलं : घड्याळ, कुलूप, किल्ली, चाकांची खुर्ची.

“शिडी कोठीत,” ती म्हणाली.

“हो.”

“आणि किल्ली घेऊन माणूस बहिणीकडे.”

“हो.”

“ही माणसं अशीच. आमचा गडी तर मोठ्या पातेल्याला कुलूप लावून जातो.” तिला त्यात शंका घेण्यासारखं काहीच दिसलं नव्हतं. काकांचा जीव दोन दिवसांत पहिल्यांदा जरा खाली बसला. तेवढ्यात तिचा आवाज चढला. “पण अहो, शेजारीपाजारी मागायची होती ना शिडी! माझ्या पावांचे कोळसे केलेत ते केलेत, दिराची कंबर धरली स्टुलावर बसून! समोर काय दुकानं नव्हती?”

काका फोन घेऊन खिडकीशी गेले. एकोणीस वर्षं ते या खिडकीकडे पाठ करून बसत आले होते. रस्त्यापलीकडे एक रंगाचं दुकान होतं. दारात लहान-मोठ्या पाच शिड्या टेकवून ठेवल्या होत्या. पाटीवर दुकानाच्या स्थापनेचं साल होतं. वजाबाकी करायला त्यांना वेळ लागला नाही.

“हो,” काका फोनमध्ये म्हणाले, “मागायची होती.”